आबांच्या रिव्हॉल्वरची ओळख पटवल्याबाबत

जबाब
करंजदरा पोलीस ठाणे, ता. परंडा, जि. धाराशिव
दिनांक १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे

नाव रणधीर श्रीमंत टेकाळे, वय ५२ वर्षे, धंदा शेती व पिठाची गिरणी, राहणार शेलगव्हाण, ता. कळंब, जि. धाराशिव.

मी वरील पत्त्यावर आई गिरिजाबाई, बायको व दोन मुलांसह राहतो. ठाण्याची नोटीस मिळाल्यावरून आज स्वतः हजर झालो असून, सहायक फौजदार सिद्धाराम कोरे साहेब यांनी समोर बसवून विचारलं त्याप्रमाणे खरं ते सांगतो की,

मी गिरणीवाला माणूस आहे. पट्ट्याच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज मोठा झालेला आहे, त्याला कुणी भांडण समजू नये. मी कोरे साहेबांना आधीच म्हणालो, साहेब, माझं बोलणं चाळून लिहू नका, कोंड्यासकट लिहा. ते म्हणाले, "लिहितो. पण मग मधीच हे लिहू नका अन् ते लिहू नका म्हणायचं न्हाय." मी बरं म्हणालो.

दिनांक ३ नोव्हेंबर रोजी आमच्या घरी दोन नोटिसा आल्या. एक माझ्या व आईच्या नावाची. दुसरी माझा धाकटा भाऊ अमरसिंह श्रीमंत टेकाळे याच्या नावाची. मजकूर एकच होता. मयत बलभीम टेकाळे यांचं परवान्याचं रिव्हॉल्वर या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत मिळून आलं आहे, ते २८ जुलै १९९९ रोजी निवडणुकीसाठी जमा केलेलं होतं, तरी वारसांनी येऊन ओळख पटवावी व पुढं काय करायचं ते सांगावं. बलभीम टेकाळे हे माझे आजोबा. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

नोटीस मी गिरणीत उभ्यानं वाचली. तारीख तीनदा वाचली. मग गिरणी बंद केली. बायाबापड्या दळण घेऊन बसल्या होत्या, त्या ओरडल्या, पण मी बंदच केली. घरी येऊन आईला वाचून दाखवली. ती सुपात ज्वारी निवडत होती. "आता व्हय?" एवढंच म्हणाली. सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून निजली. दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही.

आज कोरे साहेबांनी टेबलावर पाच जुनी हत्यारं ओळीनं मांडली व यातलं तुमचं कोणतं ते दाखवा म्हणाले. मी डावीकडून दुसऱ्यावर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, "घाई करू नका, समदी नीट बघा." मी म्हणालो, घरातलं माणूस वळखायला येळ लागतो का साहेब? तरी त्यांनी खुणा विचारल्या, त्या सांगतो.

हे रिव्हॉल्वर सहा गोळ्यांचं, विलायती, मधून दुमडून उघडणारं आहे. नळीवरचा नंबर मला पाठ नाही. मुठीची एका बाजूची फळी मूळची काळी आहे. दुसऱ्या बाजूची शिसवाची आहे, कारण दुष्काळाच्या साली ते उंबऱ्यावर पडून मूळची फळी फुटली होती आणि गावच्या सुतारानं नवी बसवून दिली होती. ती जरा जाड झाली, म्हणून आबा त्याला मरेपर्यंत नावं ठेवायचे. दोन्ही स्क्रूंच्या खाचेत लाल माती दिसते. ती माती नाही, कुंकू आहे. दर खंडेनवमीला आबा नांगर, कोयते, विळे आणि हे रिव्हॉल्वर एका रांगेत मांडून पूजा करायचे. खाचेतलं कुंकू पुसू द्यायचे नाहीत.

चौथी खूण मुठीच्या खालच्या कडीला आहे. तिच्यात काळा-लाल दोरा बांधलेला आहे. त्याचा रंग आता गेला आहे. तो दोरा १९९८ च्या दसऱ्याला माझा भाऊ अमर यानं बांधला. मी शेजारी उभा होतो. अमर डावरा होता. त्याच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा. आमच्या बैलांची दावी दुसऱ्या कुणाला झटक्यात सुटायची नाहीत, वडील, म्हणजे आमचे आण्णा, वैतागून म्हणायचे, "ह्या डावऱ्याच्या गाठी यालाच सोडाय बोलवा." टेबलावरच्या गाठीचा पीळ उलटा आहे. साहेबांनी भिंग लावून बघितलं व व्हय म्हणाले. मला भिंग लागलं नाही.

वरील खुणांवरून हे रिव्हॉल्वर आमचे आबा बलभीम टेकाळे यांचंच आहे, अशी माझी खात्री आहे.

साहेबांनी विचारलं की, रिव्हॉल्वर इथं जमा होतं तर १९९९ साली तुमचं गाव ज्याच्या हद्दीत येतं त्या आवळगाव ठाण्यात त्याच्या चोरीची फिर्याद कशी काय? ते सांगतो.

आबा पंचवीस वर्षं गावचे पोलीस पाटील होते. रिव्हॉल्वरचा परवाना त्यांच्या नावावर होता. ते त्यांनी उभ्या जन्मात माणसावर चालवलं नाही. पण नियमाला लई पक्के. हत्यार कधी नेलं, कुठं ठेवलं, ते घरात सांगायचे नाहीत. पेटीची किल्ली कमरेच्या करदोड्याला. मुक्कामाला परगावी निघाले की हत्यार सोबत न्यायचे, माझ्यामागं घरात ठेवणार नाही म्हणायचे. निवडणूक लागली की स्वतः जाऊन आवळगावच्या ठाण्यात जमा करायचे, आणि पावती फेट्याच्या घडीत खोचायचे. एसटीचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं त्यांच्या फेट्यात. फेटा फक्त सोमवारी नवा बांधायचे. एरवी बांधलेला तसाच उचलून खुंटीला अडकवायचा आणि तसाच डोक्यावर ठेवायचा. त्याला घरातलं कुणीही हात लावत नव्हतं, माझे वडीलसुद्धा नाही.

१९९९ च्या जुलैत आबांची बहीण कडूबाई, राहणार करंजदरा, ही वारली. आबा एकटेच तिच्या मातीला आले. वय ८१ होतं. निवडणूक लागलेली होती. २८ तारखेला सावडण्याचा विधी झाला, त्याच दिवशी त्यांनी याच ठाण्यात रिव्हॉल्वर जमा केलं, हे मला आज नोंदवहीवरून समजलं. नोंदवहीतली सही आबांची आहे. त्यांच्या सहीतला ब पोटात गाठ मारल्यासारखा असतो. "पावती मिळाली" असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे. ते मी बोट लावून बघितलं.

ते २९ तारखेला संध्याकाळी घरी आले. बहीण गेल्यामुळं गप्प होते. कुणी काही विचारलं नाही. ३० तारखेला सकाळी तोंड धुताना त्यांना लकवा मारला. उजवं अंग आणि वाचा गेली. डावा हात तेवढा हलत होता. आम्ही त्यांची बाज ढाळजेत, म्हणजे दारातून आत आल्याबरोबरच्या सोप्यात टाकली. अमर रात्रंदिवस त्यांच्या पायथ्याशी बसून असायचा. हगणंमुतणं त्यानंच काढलं. मी नाही. मला शिसारी यायची.

५ ऑगस्ट रोजी आवळगाव ठाण्याचे जमादार गावातली परवान्याची हत्यारं गोळा करत आले. वडिलांनी आबांच्या करदोड्याची किल्ली काढून पेटी उघडली. पेटीत परवान्याचं पुस्तक, तेलाची बाटली आणि फडकं होतं. हत्यार नव्हतं. जमादार म्हणाले, हत्यार दाखवा न्हायतर म्हातारा ह्या वयात आरोपी व्हतोय. वडिलांचं तोंड उतरलं. दारात अर्धा गाव गोळा झाला. वडील आबांच्या उशाशी बसून म्हणाले, "आबा, हत्यार कुठं हाय? कुणी नेलं? दाखवा तरी."

आबांनी डावा हात उचलला आणि पायथ्याकडं केला. पायथ्याशी अमर बसलेला होता. आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंडातून नुसता आवाज येत होता. हात खाली येत नव्हता. जमादार म्हणाले, "झालं, म्हाताऱ्यानं सांगितलं."

अमर उठून उभा राहिला. म्हणाला, "आबा, म्या?"

त्याच दिवशी वडिलांनी आवळगाव ठाण्यात चोरीची फिर्याद दिली. ६ ऑगस्टला माझा जबाब झाला. त्यात मी असं सांगितलं की, महिनाभरापूर्वी अमर पेटी उघडून रिव्हॉल्वर हाताळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आज सांगतो की, मी पाहिलं ते खरं होतं. पण त्या वेळी आबा त्याच्या शेजारी पाटावर बसलेले होते, किल्ली आबांनीच दिली होती, आणि तेल कसं द्यायचं ते आबा त्याला शिकवत होते. हे मी त्या जबाबात सांगितलं नाही.

साहेबांनी विचारलं, का नाही सांगितलं? मी म्हणालो, कुणी विचारलं नाही. साहेब लिहायचे थांबले आणि माझ्याकडं बघत बसले. मी म्हणालो, हे लिहू नका. ते म्हणाले, "आधीच ठरलंय." तर लिहा. मी थोरला नातू. हत्याराला तेल द्यायला मला बोलवायला पाहिजे होतं. आबांनी मला त्या पेटीजवळ कधी बसवलं नाही. म्हणायचे, "तुझा हात जड हाय रे रणधीर, ह्याचा हलका हाय." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. दुसरं कारण नाही. भावाभावांत वाटणीचं काही भांडण नव्हतं, बाईचं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून मी अर्धं सांगितलं आणि अर्धं गिळलं.

अमरला चार दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हत्यार मिळालं नाही म्हणून सोडून दिला. पुढं तपास बंद झाला. पण गावात झालं ते झालं. शाळेच्या भिंतीवर कोळशानं चोर म्हणून त्याचं नाव लिहिलं गेलं. दिनांक १२ ऑगस्ट १९९९ रोजी माझा भाऊ घर सोडून गेला.

तो गेल्यावर आबांच्या पायथ्याशी कुणी बसत नव्हतं. जागा रिकामी होती. तरी आबांचा डावा हात उठायचा आणि त्याच जागेकडं व्हायचा. दिवसातून दहा दहा वेळा. आई म्हणायची, अमरची आठवण काढतात. वडील म्हणायचे, अजून चोरच दाखवतात. मी एकदा त्यांच्या उशाशी बसून तो हात कुठं जातो ते नीट बघितलं. पायथ्याच्या वर, भिंतीला खुंटी होती. खुंटीला आबांचा फेटा होता. हात अमर बसायचा त्यापेक्षा वर जात होता. वीतभर वर. मला वाटलं, म्हाताऱ्याला फेटा घालायचा असंल. मी तो काढून दिला नाही. म्हणलं, पडून राहिलेल्या माणसाला फेटा कशाला?

आबा ८ सप्टेंबरला, पोळ्याच्या आदल्या दिवशी वारले. न्यायच्या वेळी भावकीतले म्हणाले, पाटलाला बोडक्या डोक्यानं नेऊ नका. फेटा मी खुंटीवरून काढला. घडीत कागद वाजला. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. कागद वाजला, माझ्या बोटांना लागला. एसटीचं तिकीट असंल म्हणलं, आता काय करायचंय, आणि तसाच फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला. अग्नी वडिलांनी दिला. मी समोर उभा होतो. फेट्यानंच आधी पेट घेतला.

३ नोव्हेंबरला नोटीस वाचल्यावर माझ्या कानात पहिल्यांदा तो कागद वाजला. तवापासून वाजतोच आहे. गिरणी चालू असली तरी ऐकू येतो.

साहेबांनी विचारलं, अमरसिंह टेकाळे हयात आहेत का? नाहीत. तो कुर्डुवाडीला राहिला. ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला लागला, पुढं स्वतःचं टाकलं. लग्न केलं, आम्हाला बोलावलं नाही. वडील वारले तेव्हा स्मशानात लांब उभा होता, अंघोळीला घरी आला नाही, तिथूनच गेला. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याला झटका येऊन तो मयत झाला. वय ४७. मला निरोप होता. मी कुर्डुवाडीच्या स्टँडपर्यंत गेलो. स्टँडवर चहा घेतला, आणि येणाऱ्या गाडीनं माघारी आलो. चोराच्या मातीला गेला म्हणून लोक काय म्हणतील, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याचं तोंड बघायची माझी छाती झाली नाही. आज मला माझी लाज वाटते. जसं बोललो तसं लिहा, लाज वाटते.

अमरच्या नावाची नोटीस दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये असं मला वाटलं, म्हणून ९ नोव्हेंबर रोजी मी ती घेऊन कुर्डुवाडीला गेलो. घर विचारत विचारत गेलो. भावाचं घर लोकांना विचारावं लागलं. त्याची बायको दीपमाला दारात आली, मला ओळखलं, आणि आत गेली ती परत बाहेर आली नाही. त्याची मुलगी निकिता, वय २२, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे, ती बाहेर आली. चेहरा अमरचा. मी पाकीट पुढं केलं. तिनं डाव्या हातानं घेतलं.

तिनं उभ्यानं वाचलं. मग म्हणाली, "म्हंजे ते ठाण्यातच होतं?"

मी व्हय म्हणालो.

"सव्वीस वर्षं?"

मी व्हय म्हणालो.

"पप्पाला म्हाईत असतं तर," एवढंच म्हणाली. मला कुठल्याच नात्यानं हाक मारली नाही. तुम्ही म्हणाली, पण चुलता म्हणाली नाही. पाणी मात्र दिलं.

ती आज वारस म्हणून इथं आलेली असून बाहेर बाकावर बसलेली आहे. आम्ही एका गाडीनं आलो नाही.

साहेबांनी विचारलं, रिव्हॉल्वरचं पुढं काय करायचं? वारसाच्या नावानं परवाना करता येतो, न्हायतर सरकारजमा होऊन ते मोडीत निघतं. माझं म्हणणं असं की, मला ते नको. आईलाही नको, तिनं अंगठा दिलेला कागद सोबत जोडला आहे. निकिता हिलाही नको, तिचा कागद वेगळा आहे. ते मोडा. वितळवा. आमच्या घरात त्याची पूजा पुरे झाली. खंडेनवमीला आम्ही अजून नांगर आणि कोयते मांडतो. त्या रांगेत एक जागा मोकळी सोडतो, वडिलांची पद्धत. चोरी आठवावी म्हणून ते सोडायचे. औंदा मीही सोडली होती.

एकच विनंती आहे. कडीतला दोरा निकिताला पाहिजे, बापानं तिला त्याचं सांगितलेलं आहे. तिनं बाहेर मला तेवढंच सांगितलं, ती स्वतः आत येऊन मागायला तयार नाही. साहेब म्हणाले, दोरा मुद्देमालाबरोबर धरला जातो, वरून हुकूम आल्याशिवाय सोडता येत नाही. मी म्हणालो, साहेब, तो दोरा हत्याराचा नाही, तिच्या बापाचा आहे. आमच्या घरात असताना बापानं मारलेली गाठ ती आज पहिल्यांदा बघणार आहे. साहेब म्हणाले, "विनंती लिहून वर पाठवतो. गाठ मात्र कुणाला सोडू देणार न्हाय." त्याप्रमाणे विनंती नोंद करावी.

तसंच माझी अशी मागणी आहे की, आवळगाव ठाण्यातला माझा ६ ऑगस्ट १९९९ चा जबाब रद्द करावा. साहेबांनी समजावलं की, जुना जबाब फाडता येत नाही, खोडता येत नाही. नवा देता येतो, तो जुन्याला जोडला जाईल. मी म्हणालो, मग ठळक लिहा. माझा भाऊ अमरसिंह श्रीमंत टेकाळे यानं रिव्हॉल्वर चोरलं नाही. त्यानं काहीच चोरलं नाही. आबांनी त्याच्याकडं बोट केलं नाही, फेट्याकडं केलं. अमर फक्त मधे बसलेला होता, कारण म्हाताऱ्याचे पाय चेपायला दुसरं कुणी बसत नव्हतं.

साहेब म्हणाले, ओळख पटवायच्या जबाबात एवढं लागत नाही. मी म्हणालो, लागतं. माझा आवाज चढला. ते म्हणाले, "टेकाळे, मी न्हाय म्हणलो का? लिहिलंय." मी माफी मागितली.

माझा संगणकावर घेतलेला वरील जबाब कोरे साहेबांनी मला वाचून दाखवला. तो ऐकून मी विनंती केली की, पुन्हा एकदा वाचा, दार उघडं ठेवून, आणि जरा मोठ्यानं. साहेबांनी उठून स्वतः दार उघडलं व पहिल्यापासून वाचलं. ठाण्यात आणखी दोघे-तिघे आलेले होते, तेही ऐकत थांबले.

"माझा भाऊ घर सोडून गेला" या वाक्याला निकिता बाकावरून उठून दारात आली. साहेबांना म्हणाली, "साहेब, थांबा. गेला न्हाय. काढला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होतो.

ती म्हणाली, "आमच्या पप्पाची पिशवी ओट्यावर ठेवली होती. ते शेतातून आले तर दाराला आतून कडी. पिशवीतले कपडे घडी घालून ठेवलेले होते. सगळ्या घड्या एकसारख्या. पप्पा म्हणायचे, माझा दादा अशाच घड्या घालतो. घडी घालून भरलेत म्हंजे दादाला राग नव्हता. आण्णानं भरायला लावली असंल." मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मरेपर्यंत तेच सांगायचे. तुम्हीच भरली होती का?"

मी व्हय म्हणालो. कुणी भरायला लावली नव्हती, हेही सांगितलं. वडील तेव्हा बाजाराला गेलेले होते. कडी मीच लावली. आई आतून रडत होती, तिला मी गप बस म्हणालो. अमरनं दार एकदाच वाजवलं. "दादा" म्हणाला. मी उघडलं नाही.

वरीलप्रमाणे, "माझा भाऊ घर सोडून गेला" हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून त्या जागी "माझ्या भावाला मी घराबाहेर काढलं" असं दुरुस्त केलं आहे. दुरुस्तीशेजारी माझी सही आहे.

दुरुस्त केलेला भाग साहेबांनी तिसऱ्यांदा वाचला आणि जबाब बरोबर आहे का म्हणून विचारलं. आधी निकितानं "आता बरोबर हाय" म्हटलं. मग मी बरोबर आहे म्हणून सही केली.

(सही) रणधीर श्रीमंत टेकाळे

समक्ष
(सही) सिद्धाराम कोरे, सहायक फौजदार
करंजदरा पोलीस ठाणे